उंदीर धीट झालाय की नुसता पेंगुळलाय?

म्हैस माजावर आली तरी गाईसारखी हंबरून गोठा डोक्यावर घेईलच असं नाही. उन्हाळ्यात तर पुष्कळदा ती काहीच दाखवत नाही. यालाच मुका माज म्हणतात. आत सगळं वेळेवर चाललेलं असतं: बीजांडावरची पुटिका वाढते, इस्ट्रोजेन चढतं, साधारण २१ दिवसांचं चक्र फिरतं. बाहेर मात्र शुकशुकाट. जाणता माणूस मग आडून खुणा बघतो. दूध थोडं चोरलंय का, सारखी थोडी थोडी लघवी करतेय का, काचेसारखा सोट (चिकट स्राव) दिसतोय का. तरीही खात्री नसली तर डॉक्टर हात घालून तपासतात.

प्रयोगशाळेत उंदरांवर होणाऱ्या वागणुकीच्या चाचण्यांचं मर्म या गोठ्यातच सापडतं. हार्मोन, चेतापेशी, किडनी यांचं काम डोळ्यांना दिसत नाही. वागणं दिसतं आणि मोजताही येतं. पण या दोन्हींना जोडणारी दोरी सरळ नाही. आत बदल होऊनही बाहेर काही दिसत नाही, असं घडतं. त्याहून जास्त वेळा उलटं घडतं: बाहेर एकच वागणं दिसतं आणि त्यामागची शारीरिक कारणं तीन-चार असू शकतात. कोल्हापुरात फार्मसी आणि प्राणिशास्त्र शिकणाऱ्या मुलांच्या जर्नलमध्ये चाचणीच्या पायऱ्या नीट लिहिलेल्या असतात. आकडा कुठं फसवतो, ते मात्र क्वचितच लिहिलेलं असतं. इथे भर त्याच्यावर आहे. (लहान पांढऱ्या उंदराला माऊस आणि मोठ्याला रॅट म्हणायची लॅबची पद्धत पुढे तशीच ठेवली आहे.)

दोन बाटल्या

सगळ्यात स्वस्त चाचणी दोन बाटल्यांची, आणि तिच्यामागचा इतिहासही मोठा आहे. १९३६ मध्ये कर्ट रिक्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने रॅटच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी काढल्या. या ग्रंथी गेल्या की अल्डोस्टेरॉन हे मीठ राखणारं हार्मोन जातं, किडनीला मीठ धरून ठेवता येत नाही आणि प्राणी काही दिवसांत मरतो. रिक्टरने पिंजऱ्याला साध्या पाण्याबरोबर मिठाच्या पाण्याची बाटलीही लावली. ग्रंथी काढलेले रॅट आपणहून मिठाचं पाणी भरपूर पिऊ लागले आणि जगले. किडनीतून काय निसटतंय हे त्यांच्या जिभेने सांगितलं. रक्त न तपासता नुसत्या पिण्यावरून ग्रंथीचं काम कळलं.

आज हीच मांडणी साखरपाण्यासाठी वापरतात. निरोगी उंदीर साध्या पाण्यापेक्षा साखरपाणी जास्त पितो. बरेच दिवस ताण दिलेल्या उंदराची ही आवड कमी होते, आणि मेंदूतल्या आनंदाच्या वाटा मंदावल्याची ती खूण धरतात. १ टक्क्याचं द्रावण म्हणजे १ लिटर पाण्यात १० ग्रॅम साखर. पिंजऱ्यात एकच प्राणी, त्याला दोन बाटल्या. आधी दोन दिवस सवय होऊ द्यायची, मग २४ तास मोजायचं. बाटली आधी आणि नंतर वजन करायची. १ ग्रॅम फरक म्हणजे साधारण १ मिली. माऊसने ६ मिली साखरपाणी आणि दीड मिली साधं पाणी प्यायलं, तर आवड ८० टक्के.

आता गोम बघा. साध्या पाण्याची बाटली १ मिली गळली, तर तोच माऊस ७१ टक्क्यांवर येतो आणि वहीत 'उदास' ठरतो. गळण्याचं नेहमीचं कारण सैल बूच नसतं, अर्धी रिकामी बाटली असते. खोली तापली की बाटलीतली हवा फुगते आणि पाणी नळीतून बाहेर ढकलते. एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली, एसी बंद पडला, की हे हमखास होतं. म्हणून बाटल्या गळ्यापर्यंत भरायच्या, तासभर खोलीतच ठेवून खोलीच्या तापमानाला आणायच्या, आणि एका रिकाम्या पिंजऱ्यालाही दोन बाटल्या लावून ठेवायच्या. त्या जेवढ्या गळतील तेवढं सगळ्यांतून वजा. बारा तासांनी बाटल्यांच्या जागा बदलायच्या, कारण काही उंदरांना फक्त डावी बाजू आवडते. साखरपाणी रोज ताजं करायचं. शिळं झालं की आंबतं, आणि मग उंदराने तोंड फिरवलं तर तो उदास आहे की पाणी खराब आहे, हे कळायला मार्ग नाही.

अधांतरीचा चौक

चिंतेसाठी सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक म्हणजे एलिव्हेटेड प्लस मेझ, अधिकच्या चिन्हाच्या आकाराचा, जमिनीपासून उंचावर उभा केलेला चौक. रॅटसाठी ती १९८५ मध्ये आणि माऊससाठी १९८७ मध्ये पक्की झाली. चार बाह्या: समोरासमोरच्या दोन भिंतींच्या, दोन उघड्या. उंदराला उघड्यावर, उंचावर जायची भीती वाटते, आणि नवी जागा धुंडाळायची ओढही असते. या दोन्हींच्या ओढाताणीत कोण जिंकतं ते मोजायचं.

माप चुकलं तर चाचणीच बदलते. माऊससाठी बाही ३० सेंमी लांब, ५ सेंमी रुंद, बंद बाहीची भिंत १५ सेंमी, मधला चौक ५ बाय ५. रॅटसाठी बाही ५० सेंमी लांब, १० सेंमी रुंद, भिंत ४० सेंमी, जमिनीपासून उंची ५० सेंमी. स्थानिक सुताराकडून करून घ्यायला हरकत नाही, पण उघडं प्लायवूड नको. ते लघवी शोषतं आणि कितीही पुसलं तरी आधीच्या उंदराचा भीतीचा वास पुढच्याला येत राहतो. वर सनमायका किंवा ॲक्रिलिक हवं. उघड्या बाहीच्या कडेला अर्धा सेंमीपेक्षा कमी उंचीची पट्टी लावली की घसरून पडणारे कमी होतात. मात्र पट्टी लावली तर सगळ्याच प्राण्यांना लावायची, कारण तिच्यामुळे उघड्यावरचा वावर वाढतो.

प्राणी तासभर आधी चाचणीच्या खोलीत आणून ठेवायचे. एकेकाला मधल्या चौकात, उघड्या बाहीकडे तोंड करून सोडायचं आणि ५ मिनिटं बघायचं. चारही पाय आत गेले तरच प्रवेश धरायचा. दोन पाय टाकून डोकावणं वेगळ्या रकान्यात. प्रत्येक प्राण्यानंतर पातळ अल्कोहोलने पुसायचं आणि ते उडून जाईपर्यंत थांबायचं. ओल्या वासात पुढचा उंदीर सोडणं ही नेहमीची घाई.

हिशेब असा. समजा, माऊसने उघड्या बाह्यांत ४ आणि बंद बाह्यांत १२ वेळा प्रवेश केला: उघड्यांचं प्रमाण २५ टक्के. डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध १ मिलिग्रॅम प्रति किलो दिलं आणि उघड्यांत ९, बंद बाह्यांत ११ प्रवेश आले. प्रमाण ४५ टक्के, बंद बाह्यांतली ये-जा जवळपास तेवढीच. म्हणजे चालणं तसंच राहिलं, भीती कमी झाली. डायझेपाम मेंदूतल्या गाबा-ए रिसेप्टरवर (पेशींना शांत करणारा संदेश घेणाऱ्या जागेवर) बसून क्लोराइडचा प्रवाह वाढवतं, पेशी शांत होतात. आकडा आणि शरीरक्रिया इथे जुळतात.

आता डोस पाचपट करा. उघड्यांत ३, बंद बाह्यांत ३ प्रवेश. प्रमाण ५० टक्के! टक्केवारी वाचणारा म्हणेल की प्राणी आणखी धीट झाला. प्रत्यक्षात तो पेंगुळलाय आणि जिथे पोचला तिथेच बसलाय. म्हणून बंद बाह्यांतले प्रवेश वेगळे छापले नसतील, तर त्या आलेखावर विश्वास ठेवू नये. वनस्पतींच्या अर्काला 'चिंताशामक' ठरवणाऱ्या बऱ्याच प्रबंधांची गाडी नेमकी इथेच रुळावरून घसरते.

इतर घोटाळे साधे असतात, पण आकडे पार फिरवतात. पंखा चालू असला तर वाऱ्याची झुळूक उघड्या बाहीवर लागते. निरीक्षक एका बाजूला उभा असेल तर उंदीर त्या बाजूची बाही टाळतो, त्यामुळे पडद्याआड कॅमेरा बरा. दोन्ही उघड्या बाह्यांवर प्रकाश सारखा पडतोय का हे मोबाइलमधल्या लक्समापकाने बघता येतं. एकाच प्राण्याला पुन्हा चौकात सोडू नये. दुसऱ्या खेपेला तो उघड्याकडे फिरकत नाही आणि डायझेपामचाही परिणाम दिसेनासा होतो. 'आधी आणि नंतर' अशी तुलना या चाचणीत चालत नाही, वेगळे गटच हवेत.

डोस काढताना होणारी चूकही इथेच सांगून ठेवू. २५ ग्रॅमच्या माऊसला १० मिली प्रति किलो या हिशेबाने ०.२५ मिली द्यायचं. त्यात ०.०२५ मिलिग्रॅम औषध हवं, म्हणजे द्रावण ०.१ मिलिग्रॅम प्रति मिली. डायझेपाम पाण्यात नीट विरघळत नाही. द्रावण गढूळ झालं तर औषध तळाला बसतं, पहिल्या उंदराला कमी आणि शेवटच्याला जास्त जातं. ट्वीन ८० सारखा साथीदार घालून एकसारखं करायचं, दर इंजेक्शनआधी हलवायचं, आणि एका गटाला नुसतं ते माध्यम द्यायचं. नाहीतर माध्यमाचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो.

दुखणं मोजताना

फार्मसी कॉलेजांत एडीज हॉट प्लेट, म्हणजे उंदीर ज्यावर ठेवतात तो तापवलेला पत्रा, ओळखीचा असतो. तापमान ५५ अंश सेल्सिअस, फरक अर्ध्या अंशापेक्षा जास्त नको. प्राणी ठेवल्यापासून मागचा पंजा चाटेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंतचे सेकंद मोजायचे. पुढचे पंजे उंदीर एरवीही चाटतो, ते धरायचे नाहीत. २० सेकंद झाले की काहीही होवो, उचलायचंच. नाहीतर पंजा भाजतो, आणि भाजलेल्या पंजाचं पुढचं माप निरुपयोगी ठरतं. पॅनलवरच्या आकड्यावर विसंबू नका. पृष्ठभागाला टेकणारा थर्मामीटर मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत लावून बघा. व्होल्टेज खालीवर झालं की कोपरे आधी थंड पडतात, आणि उंदीर कोपऱ्यातच बसतो.

औषधाचा परिणाम टक्क्यांत काढतात: औषधानंतरच्या सेकंदांतून आधीचे सेकंद वजा करायचे, त्याला कमाल मर्यादेतून आधीचे सेकंद वजा करून आलेल्या आकड्याने भागायचं, गुणिले १००. आधी ५ सेकंद, नंतर ११, मर्यादा २०. म्हणजे ६ भागिले १५, ४० टक्के.

टेल फ्लिक ही १९४१ सालची चाचणी वरवर अशीच दिसते: शेपटीवर उष्ण प्रकाश टाकायचा, शेपटी झटकेपर्यंतचा वेळ मोजायचा. पण शरीराचा वेगळा मजला इथे तपासला जातो. शेपटी झटकणं ही मेरुरज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूशी संबंध तुटला तरी ती होते. पंजा चाटायला मात्र मेंदू लागतो. एखादं औषध हॉट प्लेटवर चाललं आणि टेल फ्लिकवर नाही, तर ते वरच्या मजल्यावर काम करतंय असा संशय घ्यायला जागा मिळते. या चाचणीतला सापळा शेपटीच्या तापमानाचा. रॅटची शेपटी म्हणजे त्याचा रेडिएटर. जादा उष्णता तो तिथून बाहेर टाकतो. औषधाने शेपटीच्या रक्तवाहिन्या आकसल्या की शेपटी थंड होते, ती तापायला वेळ लागतो, झटका उशिरा येतो, आणि वेदना तेवढीच असूनही औषध 'वेदनाशामक' ठरतं. शेपटीचं तापमान नोंदवणं दहा सेकंदांचं काम आहे. फार कमी जण करतात.

या दोन्ही चाचण्यांवर पहारा हवा तो रोटारॉडचा. फिरत्या दांड्यावर माऊसला ठेवायचं, ३०० सेकंदांत वेग मिनिटाला ४ फेऱ्यांपासून ४० पर्यंत न्यायचा, आणि तो कधी पडतो ते बघायचं. जो दांड्यावरच टिकत नाही, तो गरम प्लेटवरून पाय तरी वेळेत कसा उचलणार? दांड्याला घट्ट धरून गोल फिरत राहणारे चतुर माऊसही भेटतात. अशा दोन फेऱ्या झाल्या की पडला असं धरायचं. जाड माऊस आधी पडतो, म्हणून वजन नोंदवा. ॲक्टोफोटोमीटर प्रकाशाची रेघ किती वेळा तुटली त्यावरून हालचाल मोजतो, पण त्या रेघेवर बसून अंग साफ करणारा उंदीरही भराभर आकडे वाढवतो. फोटोसेलवरची धूळ पुसा आणि खिडकीचं ऊन अडवा.

पाण्यातल्या चाचण्या

पोहायला लावायची चाचणी १९७७ ची, पोर्सोल्ट यांची. उंच पात्रात साधारण २५ अंशांच्या पाण्यात माऊसला ६ मिनिटं ठेवायचं आणि शेवटच्या ४ मिनिटांत तो किती वेळ निश्चल तरंगतो ते मोजायचं. नैराश्यावरची औषधं हा वेळ कमी करतात. पण कॅफीनसारखी उत्तेजकंही तो कमी करतात, आणि तरंगत राहणं हे हताश होणं आहे की शक्ती वाचवायचं शहाणपण, यावर अजून एकमत नाही. दुसरी सोय असेल तर ही चाचणी टाळलेली बरी. केलीच, तर पाण्याचं तापमान दर प्राण्यामागे तपासा, पाणी बदला, आणि बाहेर काढल्यावर प्राणी कोरडा करून उबेत ठेवा. एवढ्याशा देहाचं तापमान पाण्यात झपाट्याने उतरतं.

स्मृतीसाठी रिचर्ड मॉरिस यांचा हौद. त्यात पाण्याखाली एक सेंटिमीटरवर लपवलेला पाट शोधायचा असतो, भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून. पाणी गढूळ करायला सुरुवातीला दूध वापरत. दुधाच्या जिल्ह्यात तो मोह होईल, पण हौद दुसऱ्या दिवशी नासतो. बिनविषारी पांढरा रंग बरा. मुख्य अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या स्विस वंशाच्या उंदरांपैकी अनेकांत दृष्टिपटल लहानपणीच झिजवणारं जनुक असतं. ते आंधळे असतात. त्यांची स्मरणशक्ती कमी निघणारच! पाट पाण्यावर आणून त्याला झेंडा लावायचा. तोही सापडत नसेल, तर प्रश्न डोळ्यांचा आहे.

कोल्हापूरचं हवामान आणि उंदराची घड्याळं

१९९९ मध्ये ऑल्बनी, एडमंटन आणि पोर्टलंड इथल्या तीन प्रयोगशाळांनी सारख्याच वंशांचे उंदीर, एकसारखी उपकरणं, एकच वेळापत्रक वापरून त्याच चाचण्या केल्या. तरी काही निकाल प्रयोगशाळेनुसार वेगळे आले. तिकडच्या पेपरातले आकडे इथे जसेच्या तसे मिळतील ही अपेक्षा म्हणून सोडून द्यावी. आपल्या लॅबचा स्वतःचा कंट्रोल गटच (औषध न दिलेला गट) खरा.

इथे गडबड करणाऱ्या गोष्टी नेमक्या सांगता येतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत भुसा वाळत नाही, लघवीचा अमोनिया साचतो, श्वसनमार्ग चुरचुरतो आणि प्राणी सुस्तावतात. पावसाळ्यात भुसा एरवीपेक्षा लवकर बदला आणि डीह्युमिडिफायर जनरेटरच्या लाइनवर घ्या. तापमान २२ अंशांच्या आसपास, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आत. गणपतीच्या दिवसांत ढोल आणि साउंड सिस्टिमचा दणका भिंतीतून पिंजऱ्यापर्यंत येतो. ते दहा दिवस चाचण्या ठेवूच नका. वेळापत्रक आखताना सुट्ट्यांबरोबर मिरवणुकांच्याही तारखा बघाव्यात, यात गंमत काही नाही. आपल्याला ऐकू न येणारे आवाजही असतात. किल्ल्यांची छनछन, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय यांतून निघणारे अतिउच्च आवाज उंदराला स्पष्ट ऐकू येतात.

उंदीर निशाचर. माणसाचं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन सकाळी वर असतं, उंदराचं तसंच कॉर्टिकोस्टेरॉन संध्याकाळी, दिवे मालवायच्या सुमारास. सकाळी दहाला एक गट आणि दुपारी चारला दुसरा केला, तर औषधाऐवजी घड्याळच मोजलं जातं. सगळे गट मिसळून, रोज त्याच दोन-तीन तासांत करा. रात्री सफाईसाठी कुणी दिवा लावला तरी हे घड्याळ हलतं, तेव्हा दाराला टायमरची सूचना लावा.

हाताळणीही मोजमापाचा भाग आहे. शेपटीला धरून उचललेले माऊस जास्त घाबरलेले असतात, नळीत किंवा ओंजळीत घेऊन उचललेले कमी. हे २०१० मध्ये दाखवलं गेलं. २०१४ मध्ये आणखी एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली: पुरुष प्रयोगकर्त्याच्या वासाने उंदरांना ताण येतो आणि त्या ताणामुळे वेदना कमी जाणवते. अर्धा प्रयोग मुलाने आणि अर्धा मुलीने केला तर गट बिघडतात. माणूस एकच ठेवा, नाहीतर दोघांकडे प्रत्येक गटातले निम्मे प्राणी द्या.

माद्या वापरायच्या नाहीत, चक्रामुळे आकडे हलतात, अशी जुनी सवय आहे. चक्र ४ ते ५ दिवसांचं असतं आणि प्रोजेस्टेरॉनपासून बनणारी द्रव्यं गाबा-ए वरच काम करतात, हे खरं. पण तो तर शरीरक्रियेचाच विषय झाला, तो टाळून कसं चालेल? योनीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघून दिवस नोंदवा आणि माद्याही घ्या.

परवानगी, क्रम आणि शेवटचा थेंब

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या १९९८ च्या नियमांनुसार संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी आधी लागते, प्राणी आणल्यावर नाही. समिती पहिला प्रश्न विचारते तो संख्येचा: इतकेच का? 'प्रत्येक गटात सहा, कारण सगळे सहाच घेतात' हे उत्तर नव्हे. आधीच्या आकड्यांतली चढउतार घेऊन हिशेब दाखवावा लागतो. कोणता प्राणी कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकून ठरवा, हाताला आधी लागला तो पहिल्या गटात असं नको. आधी हाताला लागणारा बहुतेकदा मुळातच धीट किंवा सुस्त असतो. व्हिडिओ बघून मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

एकाच प्राण्यावर अनेक चाचण्या करायच्या असतील तर सौम्य आधी, त्रासाच्या शेवटी: उघडं मैदान (मोकळ्या जागेत उंदराचा वावर बघायची चाचणी), प्लस मेझ, रोटारॉड, हॉट प्लेट, पाणी. मध्ये दोन-तीन दिवस तरी सोडा.

वागण्याला रक्ताची जोड दिली तर चाचणीला खरं वजन येतं, पण वेळ पाळली तरच. पिंजऱ्याला हात लागल्यापासून ३ मिनिटांच्या आत घेतलेल्या थेंबात मूळचं कॉर्टिकोस्टेरॉन मिळतं. त्यानंतर चढत जातं ते तुमच्या हाताने दिलेल्या ताणाचं. चाचणीचा ताण मोजायचा असेल तर चाचणी सुरू झाल्यापासून अर्ध्या तासाने घ्या, सगळ्यांचं त्याच मिनिटाला. २५ ग्रॅमच्या माऊसच्या अंगात रक्त साधारण २ मिली असतं. एका वेळी त्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे ०.२ मिलीपेक्षा जास्त काढायचं नाही, आणि नंतर दोन आठवडे त्याला सोडून द्यायचं.